हात लागला नव्हता

आता हेही मीच सांगायचं का? बक्षीस तिला, हार तिला, आणि तोंड वाजवायचं मी! लेकीचं बालपण सांगा म्हणे. तुमच्या त्या संस्थेत एवढी शिकलेली माणसं खुर्च्या उबवत बसलीत, त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून तुला धाडलं माझ्या दुकानात, ऐन कामाच्या वेळी. बस. अगं, त्या बाकावर नको, करवत पडलीय तिथं, उघड्या दातांची. इकडे बस. आणि ते यंत्र जरा लांब धर पोरी, मला काही हळू बोलता येत नाही, लांबूनही येईल आवाज. बालपण! बालपण इथंच गेलं, करवतींना धार लावताना उडणाऱ्या या लोखंडाच्या किसात. सारखी भुणभुणायची म्हणून मी भुणी म्हणतो, तुम्ही डॉक्टर म्हणता — म्हणा. लांब करवतीचं पातं उचललं की ते थरथरायचं, आणि ही विचारायची, बाबा, हे एकदाच हलतं की एकदम खूप वेळा? मी म्हणायचो, हलतंय ना, मग लांब हो. झालं बालपण. छापायचंच असेल तर त्या दिवसाचं छापा. कुठल्या? बघ, तुला ठाऊकच नाही — सांगतील कशाला!

तिचं काम काय ते तरी ठाऊक आहे ना? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तिनं सांगितलं तेवढं पाठ आहे. पोलादाची लांब पट्टी, खाली घट्ट आवळलेली, वर मोकळी. टिचकी मारली की हलते. आणि हलणं काय एक असतं? एक मोठा हेलकावा, त्याच्या पोटात छोटा, छोट्याच्या पोटात आणखी बारीक — मोजायला बसलीस तर तुझी नातवंडं म्हातारी होतील, तरी संपायचे नाहीत. वर यंत्राचा डोळा बसवलेला. पट्टी कुठं गेली ते तो कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर खालच्या मोटरला सांगतो, मोटर उलटा धक्का देते, पट्टी गप्प. वर यांची मिजास अशी, की पट्टी हिशेबापेक्षा जरा जाड निघो, टोकाला कुणी वजन अडकवो, ठरल्या मर्यादेत हवी ती खोडी काढा — पट्टी गप्प बसणार म्हणजे बसणार! कागदावर सिद्ध केलंय म्हणे.

तर त्या दिवशी ते करून दाखवायचा कार्यक्रम. मोठमोठे पाहुणे, भुणी ज्यांच्या हाताखाली शिकली ते मोठे सर, आणि पुढच्या रांगेत टेबलाला लागून मी — लेकीनंच बसवलं. नवा सदरा. टोपी काढून मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. ऐकतेस ना? दोन्ही हात. टोपीवर. भुणीनं टिचकी मारली, पट्टी गप्प, टाळ्या. मग एका पाहुण्यानं टोकाला वजन अडकवलं, पुन्हा टिचकी — आणि पट्टी गप्प बसायची सोडून किंचाळायलाच लागली! दातांत कळ जाईल असा बारीक आवाज, वाढतोय, वाढतोय, आणि वजन सुटलं ते थेट खिडकीवर, काच खळ्ळकन खाली! सगळे उभे. आणि ते मोठे सर — आदल्याच दिवशी माझ्या घरी बोटं चाटून जेवून गेलेले — ते काय म्हणतात? ‘सिद्धांत चुकणं शक्य नाही. बाहेरून काहीतरी लागलं असणार.’ आणि बघतात कुणाकडं? टेबलाजवळ कोण? हा म्हातारा. शाळा अर्धी, म्हणजे अक्कलही अर्धी. ‘काका, हात लागला का?’

हात! अगं, हे हात बघ. बघ, लाजतेस काय. उभा जन्म करवतींना धार लावली. वखारीत जाऊन विचार, या धंद्यात सगळी बोटं शाबूत ठेवून म्हातारा झालेला दुसरा कोण आहे. माझा हात नको तिथं लागत नाही, म्हणून तर बोटं आहेत! आणि आता वखारवाला पातं टाकायला येतो आणि दात विचकतो — काका, जपून हं, तुमचा हात लागतो म्हणे. माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर!

मग? मग भुणी वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसली, आणि सापडलं. उशीर. डोळ्यानं बघायचं, कॉम्प्युटरनं ठरवायचं, मोटरनं ढकलायचं, यात जो उशीर होतो — पापणी लवायच्या कितीतरी आतला — तो कुणी हिशेबात धरलाच नव्हता. एवढ्याशा उशिरानं काय होतंय! मोठ्या हेलकाव्याला नाहीच होत काही. पण ते बारीक हेलकावे संपतच नाहीत ना, त्यांतल्या कुठल्या तरी एकाला तेवढाही पुरतो. झोपाळा थांबवायला जावं आणि नेमकं भलत्या क्षणी ढकलावं, तसं — थांबायचं सोडून झोका चढतो. मग तिनं उशीर धरून नवा हिशेब मांडला, आणि त्यावरच हे तुमचं बक्षीस. कळलं का याचा अर्थ? जगभरच्या शहाण्यांनी शिक्का मारून सांगितलं, की म्हाताऱ्यानं हात लावला नव्हता! शेजारच्या मास्तरकडून वाचून घेतलं मी तिचं ते छापलेलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत — मास्तर घामाघूम. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

सर? छे, सरांचं काय घेऊन बसलीस. सर येऊन गेले. तू बसलीयस तिथंच बसून म्हणाले, काका, चुकलो. मी चहा दिला, विषय मिटला. परका माणूस, त्याला माझे हात काय ठाऊक? पण त्या दिवशी मी ‘नाही लागला’ म्हटलं आणि भुणीकडं बघितलं. वाटलं, ही बोलेल. या हातांच्या शेजारी बसून वाढलेली पोर! ती पाहुण्यांकडं वळली आणि हसून म्हणाली, ‘माझ्या वडिलांचा हात लागला असावा, त्यांना सवय नाही. पुन्हा करून दाखवते.’ हसून! वेळ मारून नेली, नोकरीचा सवाल होता — समजतं मला, एवढा काही मी खुळा नाही. पण आता? आता तर तिनंच सिद्ध केलं! येते, औषधं आणते, पाय चेपते, बक्षिसाचे फोटो दाखवते, सगळं बोलते — तेवढं सोडून. आणि मी? ती आली की मी हात काखेत घालून बसतो. चहाचा कपसुद्धा ती गेल्यावर उचलतो, गार झालेला. विचारते, बाबा, थंडी वाजते का? हो म्हणतो.

हे कशाला लिहितेस? खोड. खोड ते, आणि यंत्र बंद कर. समारंभाला मी येत नाही, पुढच्या रांगेत तर मुळीच नाही. ऊठ, माझं काम खोळंबलंय. आणि तिथं कुणी विचारलंच, म्हातारा एवढा कुणावर तापलाय, तर उगाच सरांचं नाव पुढं करू नकोस. माझी माफी मागायची राहिलीय ती माझ्या लेकीनं. भुणीनं.