पाटी वाचणारा पोरगा

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? लिहिलं तेच वाचणाऱ्यावर, की समोरच्याचं तोंड पाहून वाचणाऱ्यावर?

मुलीसाठी स्थळ पाहायला मी आईला घेऊन पांढुर्ण्याहून सौंसरला गेलो होतो. पोरगा शिकवतो त्या कॉलेजात त्या दिवशी जुना मुका सिनेमा होता. तो आम्हालाही घेऊन गेला. सिनेमात दर्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत एक बाई लोकांचे कपडे धुते अन् रोज देवापुढे मेणबत्ती लावते. आईनंही तिच्यासोबत हात जोडले. मधेमधे इंग्रजी पाटी यायची, ती पोरगा आईला मराठीत सांगायचा.

मग एक पाटी आली आणि बाई कोसळली.

"काय लिहिलं, बापा?" आईनं विचारलं.

"नवरा परत येऊन राहिला, आजी."

"मंग रडते कायले?"

"आनंदानं."

माझं इंग्रजी दुकानातल्या कीटकनाशकाच्या डब्यांवरून शिकलेलं. पाटीवरचं 'डेथ' मला बरोबर ओळखता आलं. इतक्या सफाईनं खोटं बोलणाऱ्याला मुलगी द्यायची? परतीच्या बसमध्ये मी आईला खरं काय ते सांगितलं.

"मले डोये नाहीत का?" आई म्हणाली. "आनंदानं कोणी असं पडते? पण माह्यासाठी बोलला तो. देऊन टाक पोरगी."

दिली. आता सुटीत तो माझ्या दुकानावर बसतो. मी एवढंच म्हणतो, "जावईबापू, सिनेमा आईच्या मनासारखा वाचा, पण गल्ल्याचा हिशोब मला आहे तसाच सांगत जा."