उखर्डूचा कोंडा

नंदुरबार स्टेशनात सुरतेकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मुंबई इलाख्याचे नवे मंत्री उत्तमराव पाटील त्याच गाडीने येणार, म्हणून फलाटभर हार घेतलेली गर्दी. माझ्या बाकावर दोन म्हाताऱ्या.

"भिकुबाई, तू कसाले उनी वं?"

"मन्हा पोऱ्या याच गाडीमा येई ऱ्हायना, कौसा."

"मंत्री तुन्हा पोऱ्या?"

"पाटलीणना तीन लेकरं गयात. चौथाले नजर नको लागाले म्हणीसन उकिरडावर ठेवं, नाव बी उखर्डू ठेवं; उत्तमराव ते तो मागून व्हयना. मी त्याले सुपमा उचली लिधा. मीच त्यानी माय व्हयनू."

"आनि मंग?"

"मंग पाटलीणनी मूठभर कोंडा देईसन त्याले मन्हापासून परत इकत लेवाना व्हता. तितलामा लेकरू हसनं, समदा हसनात, कोंडा देवाना ऱ्हाईच गया."

"मंग आज मांगी ले ना! आते राज त्यानं शे."

"येडी! कोंडा लिधा म्हंजे तो पाटलीणना व्हई जाई. लोकल बोर्डमा निवडी उना तवय त्यानी इचारं, 'माय, कोंडा देऊ का?' जेलमाईन सुटना तवय बी इचारं."

"आनि आज?"

"आज तो मोठा शे. इचारी का नही, तेच देखाले उनू."

गाडी लागली. हारांच्या गर्दीतून खादीचा सदरा घातलेला एक माणूस वाट काढत थेट आमच्या बाकापाशी आला आणि वाकला.

"माय, कोंडा देवाना ऱ्हाई गया."

"ऱ्हाऊ दे, उखर्डू. पुढला खेपले दे."