डोंगराच्या पोटातला सांधा

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते डॉक्टरसाहेब, शेजारी बसलेल्या काकू, आणि टेबलावरच्या छोट्या मॉडेल रेल्वेपायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्या मंडळातल्या मित्रांनो,

बारा वर्षांपूर्वी एका सकाळी मी या सभागृहाच्या मागच्या खोलीत, आपल्या रेल्वेच्या टेबलावर वाकून बोगद्यातले रूळ ठोकत होतो. शेवटच्या सांध्यावरून बोट फिरवलं. एक रूळ नखभर वर होता. तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले, दातांच्या साच्याच्या प्लास्टरचा डोंगर दोन्ही हातांवर तोलत. म्हणाले, "रूळ तपासलेत ना? हा एकदा चिकटला की आत हात जायचा नाही."

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? डोंगर उचलून उभ्या असलेल्या माणसाला थांबवायचं कसं, एवढाच संकोच. गावच्या शाळेत काड्यापेट्यांचे डबे जोडायचो, तेव्हापासूनचा माझा हा नाद. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टची फरशी मजल्याशी जुळवण्यावर माझं घर चालतं, आणि मला नखभर फरक चालला.

त्या डोंगराचं कौतुक आत्ता माझ्या आधी बोललेल्या तिघांनी केलं. ते खरंच आहे. दात कोरायच्या हत्यारांनी साहेबांनी त्याचा एकेक कडा कोरला. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला गाडी आत घसरायची. मग काडी घालून डबे ओढा. मंडळी म्हणायची, डोंगराचं प्लास्टर झडतं, रुळावर कचरा पडतो. साहेबांनी ते मान्यच केलं. दर रविवारी हा सत्तरीचा माणूस टेबलावर पालथा पडून, दात तपासायचा आरसा आणि ब्रश घेऊन बोगदा झाडायचा. वर हसायचा, "असा पेशंट पाहिला नाही. तोंड उघडतो, पण दुखतं कुठे ते सांगत नाही."

सांगणारा शेजारीच उभा होता, टॉर्च धरून.

माणसाला स्वतःचा किती वैताग यावा? सकाळी देवापुढे डोळे मिटले की मला तो सांधा दिसायचा. बायको म्हणायची, "अहो, सांगून टाका ना. किती वर्षं तो बोगदा घरी आणणार?"

"पुढच्या रविवारी सांगतो."

"तुम्ही लिफ्टवाले सगळे सारखे. येतो म्हणता आणि येत नाही."

साहेब कायमचे मुलीकडे चालले, हे मागच्या आठवड्यात कळलं. मला म्हणाले, "एक रुखरुख राहिली. माझ्या डोंगराने तुमची गाडी कधी धड जाऊ दिली नाही."

त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही.

आज सकाळी मी चावी मागून घेतली, टेबल भिंतीपासून सरकवलं आणि डोंगराच्या मागच्या अंगाला हात जाईल एवढा चौकोन करवतीने कापला. साहेब, तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही "राहू द्या" म्हणाला असतात आणि मी आनंदाने राहू दिलं असतं. रूळ सोडवला, घासला, पुन्हा बसवला. चाळीस फेऱ्या मोजल्या, मग मोजणं सोडलं.

मंडळाने बोलू दिलं, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. बारा वर्षांची माफी मात्र सभेची नाही, साहेब, तुमची मागायची आहे. कापलेला तुकडा या रुमालात आहे. तो परत बसवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

गाडी मी मागच्या खोलीत सुरूच ठेवून आलो आहे.