चष्म्यातला पडदा

पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीचा दुसरा दिवस. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात डोक्याला पट्टी बांधलेला जावई आणि त्याचा सावरगावचा साळा माझ्यापुढे रांगेत.

“भाऊजी, माह्या चष्म्याकडे काऊन पाहून राहिले?”

“याच्यात कॅमेरा आहे म्हणे, गौतम. दिसत तर नाही.”

“झाकला आहे. बटन दाबलं की करंटनं काळा पडदा सरकते.”

“काल नदीवर सरकवला होता?”

“हो. तुमाले गोटा लागला ते याच्यात आलं. मारणाराही आला. पाहता?”

“गोटा कोणाचा, हे आपल्याकडे कोणी विचारते का?”

“नाही. पण माणूस आमच्या घरचाच आहे.”

“मंग ते शूटिंग मिटवून टाक. अन् तुह्या बाबाले सांग, नेम अजून पक्का आहे तुमचा. संध्याकाळी लेकीकडे जेवाले या.”