तीन बाह्यांचा शर्ट

शिंपी : अगं थांबव, थांबव ते मशीन! वकीलसाहेबांना हात किती?

बायको : दोन. का हो?

शिंपी : मग शर्टाला बाह्या तीन कशा?

बायको : अगं बाई! ईट, एट, ईटन घोकत होते. एकेका रूपाला एकेक बाही उचलली गेली की हो!

शिंपी : म्हणजे एक बाही आजची, एक कालची आणि तिसरी केव्हाच होऊन गेलेली!

बायको : हसा. उद्या परीक्षकासमोर माझी दातखीळ बसली की आणखी हसा. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत नापास झाले तर परदेशी जायचा परवाना नाही, अन् लेक तिकडे परक्या मुलखात एकटी बाळंत होणार.

शिंपी : कसली दातखीळ! इतकी वर्षं मला पुरून उरलीय ती जीभ.

बायको : मग विचारा. बाही उसवता उसवता विचारा.

शिंपी : ब्रिंग.

बायको : ब्रँग… छे, ब्रॉट. ब्रॉट.

शिंपी : कट.

बायको : कट, कट, कट. एवढं एकच काय ते शहाणं.

शिंपी : स्लीप.

बायको : स्लेप्ट. झोपेचं नाव नका काढू, महिनाभर डोळ्याला डोळा नाही.

शिंपी : झालं तर. सगळं येतं तुला.

बायको : ‘गो’ राहिलं.

शिंपी : ते सोपंय.

बायको : रोज बघतेय मी. यादीत पहिलं तेच आहे, अन् तुम्ही रोज दुसऱ्यापासून सुरू करता.

(उसवण्याचा आवाज थांबतो.)

शिंपी : वकीलसाहेब येतील आता. कात्री दे.

बायको : तुमच्याच हातात आहे.

शिंपी : …शेजारच्या इस्त्रीवाल्याची बायको अशीच गेली होती. नातू बघून येते म्हणाली, अन् तिकडचीच झाली. आता तो स्वतःशीच बोलत इस्त्री करतो. परवा गप्पा रंगल्या, तर कॉलर जाळली.

बायको : अन् तुम्ही काय जाळणार?

शिंपी : मी काय जाळतोय? पण मला काजं करता येत नाहीत, ठाऊक आहे ना? गिऱ्हाइकं उघड्या छातीनं हिंडतील गावभर.

बायको : अहो.

शिंपी : काय?

बायको : विचारा.

शिंपी : …गो.

बायको : वेंट. गॉन.

शिंपी : आणि कम?

बायको : ते तोंडी नाही सांगायची. येऊन दाखवीन.