दोनदा काढलेला उतारा

श्रीगोंद्याच्या तहसील कचेरीत कॉम्प्युटर आला होता. सातबाऱ्याच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून होती.

“आत्याबाई, निघाला उतारा! बापाच्या जमिनीवर तुमचं नाव हाय.”

“इतक्यात? भाऊ तर न्हाई म्हनत हुता. दुसऱ्या कुनाचा असंल.”

“गट नंबर तुमचाच. ह्ये बगा, आक्काबाई सखाराम साळवे.”

“सायब, आनखी एकदा काढा. दोन्ही बारीला सारखंच आलं तर खरं.”

“आजी, मशीन खोटं बोलत नाही.”

“माझा भाऊबी खोटं बोलत न्हाई म्हनं!”

प्रिंटर पुन्हा करकरला.

“हाय, आत्याबाई! भावाच्या नावाखालीच.”

“मंग एक कागुद मला, एक त्याला. चल, पेढे घिऊ. त्याला आदी पेढा भरवू, कागुद मागनं दिऊ.”