काउंटरवरचा प्रश्न

बँकेत माझ्या पुढच्या बाकावर बाप-लेक बसले होते. कान बंद करता येत नाहीत.

"बाबा, परदेशात भाड्याच्या गाडीचं बिल तुमच्यासमोर तिकडच्या चलनाऐवजी रुपयांत केलं. गाडीवाल्यांनी मनाला येईल तो दर लावला. कार्ड आमच्या ह्यांचं, नऊ हजार जास्त गेले."

"हं."

"कुठल्या चलनात हवं ते विचारलंच नाही, अशी तक्रार लिहिते."

"नको. तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं होतं."

"मग?"

"मला तिचं बोलणं कळलं नाही. मागे जावई उभे होते. मी मान डोलावली."

"अहो, त्यांना विचारायचं ना."

"ते मला अजून सर म्हणतात. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी."

लेकीनं तक्रारीच्या कागदावरून पेन उचललं आणि टोपण लावलं.

"तो कागद फाड. जावयांना मीच सांगतो. फक्त तेव्हा तू खोलीत थांबू नकोस."